पाच वॅटचा पिवळा दिवा आणि सेन्सर: मखमलाबादच्या अंगणातला अनुभव

भिंतीवर बसणारं, तोंड खाली असलेलं पाच वॅटचं एलईडी फिटिंग, रंग २७०० केल्विन (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा), आणि जोडीला हालचाल टिपून दिवा लावणारा पीआयआर सेन्सर. ही जोडी मी आमच्या रो-हाऊसच्या पुढच्या अंगणात आणि मागच्या बोळात लावली. तिच्यावरून पाऊस गेला, थंडी गेली, मे महिन्याचं ऊनही गेलं, म्हणून आता लिहितो. निकाल आधीच सांगतो: घ्या. फिटिंगबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सेन्सरबद्दल दोन तक्रारी आहेत, त्या खाली येतील.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. शिफ्ट बदलत राहते. फर्स्टला असलो की पहाटे उठायचं, थर्डला असलो की उजाडल्यावर झोपायचं. त्यामुळे झोप हा माझ्यासाठी गप्पांचा विषय नाही, माझं पोट तिच्यावर आहे. पॅनेल उघडून काम करणारा माणूस अर्धवट झोपेत असेल तर काय होऊ शकतं, हे माझ्यासोबत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आणि रात्रपाळीचा प्रश्न नुसत्या थकव्याचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी माणसाला बहुधा कर्करोगकारक ठरते, असं वर्गीकरण केलं. २०१९ मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि वर्गीकरण तेच राहिलं. पाळी माझ्या हातात नाही. घरातला अंधार मात्र माझ्या हातात आहे.

आमची रो-हाऊसची ओळ मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागा मोडून पडलेल्या प्लॉटांवर उभी आहे. मागे अजून एक बाग शिल्लक आहे, आप्पांची. बिल्डरने ओळीच्या टोकाला पन्नास वॅटचा फ्लड लाईट बसवून दिला होता. सगळे त्याला हॅलोजन म्हणतात, पण असतो एलईडीच. रंग ६५०० केल्विन, म्हणजे दुकानातला ‘कूल डेलाइट’. तोंड खाली करायचं सोडून सरळ समोर, किंचित वरच. त्याचा बराचसा उजेड आप्पांच्या बागेवर आणि आभाळात जायचा, उरलेला आमच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून थेट उशीवर. गेटची कडी जिथे आहे तिथे मात्र कंपाऊंडच्या भिंतीची सावली. कडी चाचपतच लावावी लागायची.

या पांढऱ्या उजेडाचं आतलं गणित सांगतो, कारण दिवा घेताना ते कामाला येतं. पांढऱ्या एलईडीच्या आतली चिप निळी असते. तिच्यावर फॉस्फर नावाच्या, पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि विजेची जेवढी बचत त्या शोधाने झाली ती पाहता ते योग्यच होतं. पण कूल डेलाइटमध्ये निळ्याचा वाटा मोठा राहतो, वॉर्म, म्हणजे पिवळसर दिव्यात फॉस्फर तो बराच खाली आणतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असलेल्या काही पेशी आहेत. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. त्या मेंदूला कळवतात की दिवस आहे, आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन दबून जातं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी काम केलं ते फळमाशीवर. म्हणजे रात्र झाल्याचं कळण्याची गरज माणसाइतकीच माशीलाही आहे. अंगणातला दिवा बदलायचं मी ठरवलं त्यामागे झोपेइतकीच ही गोष्टही होती.

खरेदीचा अनुभव बरा नव्हता. रविवार कारंजाजवळच्या दुकानात वॉर्म म्हटल्यावर काउंटरवरचे दादा म्हणाले, “अहो, पिवळा कशाला नेताय? अंगण अंधारं वाटेल. सगळे साडेसहा हजारचाच नेतात.” मी म्हटलं, “दादा, मला पायापुरता उजेड पाहिजे, गल्लीपुरता नको.” मग त्यांनी आतून धूळ बसलेले दोन खोके काढले. फिटिंग साडेचारशेच्या आसपास पडलं, सेन्सर साडेतीनशे. खोक्यावर केल्विनचा आकडा इतका बारीक छापलेला असतो की मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचावा लागला, आणि एका खोक्यावर वॉर्म लिहून खाली ४००० छापलं होतं. तो मी परत ठेवला. २२०० केल्विनचा, म्हणजे जवळजवळ केशरी दिवा मिळाला असता तर मी तोच घेतला असता. दुकानात नव्हता.

बसवताना फिटिंग जमिनीपासून आठ फुटांवर लावलं. वरून आणि बाजूने धातूचं झाकण असल्यामुळे उजेड थेट खाली पडतो: गेट, कडी, तीन पायऱ्या, चपलांचं स्टँड, तुळस. शेजारच्यांच्या खिडकीत एक रेघही जात नाही. खोक्यावर आयपी ६५ लिहिलं आहे, म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या झोतालाही दाद नाही. नाशिकच्या पावसात ते खरं ठरलं. फक्त वायर जिथून आत जाते तिथली ग्लँड, म्हणजे वायरीभोवतीचं आवळायचं बूच, नीट आवळा आणि वायरीला खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथेच गळून पडतं. हा वळसा बरेच वायरमन देत नाहीत.

आता सेन्सर. पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. त्याला तीन बटणं असतात: किती वेळ दिवा चालू ठेवायचा, किती अंधार झाल्यावर काम सुरू करायचं आणि किती लांबचं टिपायचं. पहिली तक्रार अशी की कंपनीकडून येताना अंधाराचं बटण दिवसाच्या खुणेवर ठेवलेलं असतं, त्यामुळे भर दुपारीही दिवा लागतो, आणि सोबतच्या कागदावरून ते कुणाला कळणार नाही. सूर्याचं चित्र असेल तिकडून चंद्राच्या चित्राकडे फिरवा. दुसरी तक्रार उन्हाळ्याची. मे महिन्यात फरशी आणि भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरक कमी उरतो, मग सेन्सर उशिरा जागा होतो, कधी अगदी पायरीजवळ आल्यावर. थंडीत हाच सेन्सर मांजरालाही लांबून धरतो. यंत्राचं तत्त्वच तसं असल्यामुळे याला इलाज नाही, पण घरात म्हातारं माणूस असेल तर उन्हाळ्यापुरता दिव्याला साधा स्विचही हाताशी असावा. मी तो दिला.

विजेचा हिशेबही सांगून टाकतो. पन्नास वॅटचा फ्लड रोज अकरा तास चालला तर महिन्याला साडेसोळा युनिट होतात. पाच वॅटचा दिवा तेवढेच तास सलग ठेवला तरी पावणेदोन युनिट होणार नाहीत, आणि आमचा तर रात्रीतून काही मिनिटंच लागतो.

सगळ्यात मोठी हरकत आईची होती. “बाळा, बिबट्या आला तर दिसायला नको का?” प्रश्न अगदी रास्त आहे. निफाड, दिंडोरीच्या उसात बिबटे आहेत, आणि मखमलाबादच्या मळ्यांकडे संध्याकाळी फिरायला जाताना लोक हातात काठी घेतात. मी आईला गोविंदनगर आणि सिडकोतलं सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं. दिव्यांनी उजळलेल्या, गजबजलेल्या वस्त्यांमध्येही बिबट्या शिरलाच होता. उजेडामुळे तो थांबतो असं म्हणायला जागा नाही. तो येतो कुत्र्यांमागे, आणि कुत्री, डुकरं जमतात ती कचऱ्यावर. शिवाय पन्नास वॅटचा झोत डोळ्यांवर आला की बाहुली आकसते आणि उजेडाच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. आईला गॅलरीत उभं करून दोन्ही दिव्यांत आप्पांचं कुंपण पाहायला सांगितलं. फ्लड बंद केल्यावर, डोळे सरावल्यावर, कुंपणच नव्हे तर त्यामागच्या वेलींच्या रांगाही तिला दिसल्या. आता बोळातला दिवा आपोआप लागला की काहीतरी हललं हे घरात बसून कळतं. रात्रभर पेटलेला दिवा हे सांगत नाही.

त्याबरोबर ओळीतल्या सगळ्यांनी ओला कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद केलं. कुत्र्यांची टोळी पांगली, आणि माझ्या मते बिबट्याच्या बाबतीत दिव्यापेक्षा याचा उपयोग मोठा आहे. ज्यांचं घर मळ्यात आहे, गोठा आहे, जिथे बिबट्याचा रोजचा वावर आहे, त्यांनी मात्र माझा लेख वाचून दिवे काढू नयेत. गोठा बंदिस्त हवा, दाराशी उजेड हवा, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि आवाज हवा. बिबट्या दिसलाच तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. मोबाईल घेऊन त्याच्यामागे धावणारी गर्दी मी पाहिली आहे, आणि घाबरलेलं जनावर कोंडीत सापडलं की माणसावर येतं. त्या गर्दीचा मला मनापासून राग येतो.

किड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. फ्लडच्या दिवसांत पहिल्या पावसानंतरच्या सकाळी खांबाखाली पंखांच्या वाळवीचा, भुंग्यांचा आणि पतंगांचा खच पडायचा, सुपलीने भरून टाकावा लागायचा. किड्यांना उजेड आवडतो म्हणून ते येतात, असं आपण धरून चालतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं तेव्हा दुसरंच निघालं. उडताना किडा पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण लाखो वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आभाळाची, वरची बाजू होती. दिवा जवळ आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो आणि मग त्याभोवती फिरतच राहतो. बिचाऱ्याला दिशाच उरत नाही. तिथेच थकतो, नाहीतर पालीच्या तोंडी जातो.

आप्पांनी हे मला फार थोडक्यात सांगितलं होतं. पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगे धरायला शेतकरी पहिल्या पावसाच्या सुमारास प्रकाश सापळा लावतात. आप्पा म्हणाले, “आम्ही सापळा लावतो तो हंगामापुरता. काम झालं की काढतो. तुमचा बारा महिने चालू असतो, आणि त्यात नको ते पण मरतं.” नको ते, म्हणजे काय? गावठी पपईची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि त्यांचं परागीकरण रात्री उडणारे मोठे पतंग करतात. आमच्या मागच्या भिंतीलगत दोन पपया आहेत. निशिगंध, रातराणी यांचा वास रात्री सुटतो तो या पतंगांसाठीच. त्या पतंगांच्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात.

फ्लड बंद करायला ओळीतली सगळी घरं लगेच तयार झाली नाहीत. शेवटी रात्री दहानंतर तो बंद ठेवायचं ठरलं, आणि तेवढ्यानेही खांबाखालचा खच उरला नाही. आमच्या पिवळ्या दिव्याभोवती चार-दोन किडे असतात, दिवा विझला की निघून जातात. आप्पांच्या बांधावरच्या कडुनिंबावर पिंगळ्याची जोडी पुन्हा बसू लागली आहे, पण ते मी पुरावा म्हणून मांडत नाही, कारण पिंगळा दिव्याखालीही किडे टिपतो. वटवाघळांचंही तसंच. काही जाती दिव्यापाशी शिकार करतात, काही उजेडाच्या जवळही फिरकत नाहीत.

मे संपताना काजवे पाहायला आपण नाशिककर घोटीमार्गे भंडारदऱ्याला जातो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर ते लुकलुकतात. ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक आहे, आणि गाडीचा हेडलाईट पडला की ती हाक पुसली जाते. पार्किंगमध्ये इंजिन आणि दिवे चालू ठेवून बसणाऱ्यांना मी जाऊन सांगतो. बरेच जण ऐकतात. एक ताई तर म्हणाल्या, “दादा, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.” काजव्यांना घातक ठरणारा तो पांढरा उजेड आपल्या गॅलरीत रात्रभर पेटलेला असतो, तिथे काजवे नसले तरी दुसरं कुणीतरी असतंच.

घरातही मी एक बदल केला, तो स्वस्तातला. संडास-बाथरूमच्या वाटेवर लाल झिरोचा बल्ब लावला, एलईडीचा, अर्ध्या वॅटचा. जुने झिरोचे बल्ब नावाला झिरो, खातात मात्र बारा-पंधरा वॅट, ते काढून टाका. रात्री उठल्यावर ट्यूब लावावी लागत नाही आणि परत झोप लागते. मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला असतो. गजर वाजला की उठून बाहेर जावंच लागतं, फर्स्ट शिफ्टला त्याचाही फायदा होतो.

फरक किती पडला? फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मला आता दहाच्या सुमारास झोप येते. थर्डमध्ये दिवसा झोपण्याचा प्रश्न या दिव्याने सुटत नाही, त्याला जाड पडदेच लागतात. मुलगा दहावीला आहे, त्याची खोली वर आहे, आणि खिडकी उघडी ठेवून तो झोपू शकतो, हे मला विजेच्या बिलापेक्षा मोठं वाटतं.

घेताना २७०० किंवा त्याहून कमी केल्विन मागा, आकडा स्वतः वाचा, वरून झाकलेलं फिटिंग घ्या, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणीची खूण पाहा आणि सेन्सरचं बिल जपून ठेवा, कारण एक वर्षाची गॅरंटी बिलाशिवाय चालत नाही. फिटिंगला पाचपैकी पाच, सेन्सरला साडेतीन. येत्या मीटिंगमध्ये खांबावरचा फ्लड उतरवून त्याच पैशांत प्रत्येक गेटवर एकेक खाली तोंडाचा दिवा बसवायचा ठराव मी मांडतो आहे, वायरिंगची मजुरी मी घेणार नाही.