‘हेच पुढे चालू’ : औषध-आढावा सेवेचा अनुभव

माझ्या वडिलांच्या गेल्या सहा वर्षांच्या चिठ्ठ्या एकत्र लावून पाहिल्या, तेव्हा त्यांवर सर्वांत जास्त वेळा आढळलेले शब्द होते ‘हेच पुढे चालू’. बाबा 74 वर्षांचे आहेत. त्यांच्या रोजच्या सात गोळ्या, दोन चूर्णे, एक आसव आणि गुडघ्यांचे तेल यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणीतरी काही कारणाने सुरू केली होती. मात्र ते कारण अजून शिल्लक आहे का, हे कोणीच पाहिले नव्हते. म्हणून आम्ही एका रुग्णालयाच्या औषध-आढावा सेवेची वेळ घेतली. या सेवेत नवे निदान होत नाही आणि नवे औषधही दिले जात नाही. प्रशिक्षित फार्मासिस्ट रुग्णाची सर्व औषधे समोर मांडून प्रत्येकाची चौकशी करतात आणि आपल्या शिफारशी लेखी देतात.

घरात जे जे औषध म्हणून घेतले जाते, ते सर्व पिशवीत भरून आणा, अशी सूचना आधीच मिळाली होती. फार्मासिस्टबाईंनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन बाबांना विचारले, “काका, हे कशासाठी घेता आणि केव्हापासून?” एका स्ट्रिपची कडा कापलेली असल्यामुळे तिच्यावरची मुदतीची तारीख नाहीशी झाली होती. चूर्णाच्या डबीवरचे अक्षर पुसट झाले होते, तरी ‘ज्येष्ठमध’ हा शब्द वाचता येत होता. बाई त्या डबीपाशी थांबल्या आणि पुढची वीस मिनिटे त्या एकाच डबीवर गेली. माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या वीस मिनिटांत आहे.

चौकशीतून जुळलेली हकीकत अशी. पूर्वी बाबांना रक्तदाबासाठी एनालाप्रिल चालू होते. त्या गटातील औषधांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, तसा तो बाबांनाही लागला आणि त्यावर वैद्यांनी ज्येष्ठमधाचे चूर्ण दिले. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलून अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम सुरू केली आणि खोकला गेला, पण घशाला बरे वाटते म्हणून चूर्ण तीन वर्षे दिवसातून दोनदा चालूच राहिले. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराला अडथळा होतो. त्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. बाबांचा रक्तदाब वाढलेला दिसल्यावर गोळी 10 मिलिग्रॅमची झाली. मात्रा वाढली की अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येण्याची शक्यताही वाढते. ती सूज आली, तेव्हा लघवीची गोळी जोडली गेली आणि तिनेही पोटॅशियम कमी होते. ताज्या रक्ततपासणीत पोटॅशियम 3.2 होते, ते सामान्यतः 3.5 ते 5 असावे लागते.

यात कोणाही एकाने चुकीचे औषध दिलेले नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. वैद्यांनी खोकल्यावर दिलेले चूर्ण योग्य होते आणि डॉक्टरांनी वाढलेला रक्तदाब पाहून घेतलेला निर्णयही समजण्यासारखा होता; चूक झाली ती प्रत्येक गोष्ट तशीच पुढे चालू राहण्यात. पित्ताच्या गोळीचेही तेच. ओमेप्राझोल गुडघ्यांसाठी वेदनाशामक चालू असताना पोटाच्या रक्षणासाठी सुरू झाले होते. वेदनाशामक केव्हाच बंद झाले, ही गोळी मात्र सहा वर्षे टिकली. वृद्धांच्या औषधांबाबत वापरल्या जाणाऱ्या ‘बीअर्स’ निकषांनुसार अशा गोळ्या ठोस कारण नसेल तर आठ आठवड्यांपलीकडे नियमित देणे टाळावे. तेलाच्या मालिशला बाईंनी अजिबात हात लावला नाही. बाबांना त्याने आराम पडतो आणि अपाय काही नाही, एवढे त्यांना पुरेसे होते.

उपचार परंपरेतला आहे की आधुनिक, यावरून त्यांनी एकदाही कौल दिला नाही, याचे मला फार समाधान वाटले. वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहिले तर हीच दृष्टी रास्त ठरते. शिरा उघडून रक्त काढण्याचा उपचार न्यूमोनियात फारसा उपयोगी नाही, हे पॅरिसच्या पिएर लुई यांनी 1830 च्या दशकात रुग्णांची मोजदाद करून दाखवले, तरी तो अनेक दशके सुरू राहिला. आणि शरीरात लोह साठण्याच्या आनुवंशिक आजारात रक्त काढणे हाच आजही मुख्य उपचार आहे.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. त्यांच्या छापील अर्जावर वनौषधींसाठी ‘इतर’ अशी एकच ओळ आहे. आसवातील घटकांबद्दल बाईंनी “हे वैद्यांनाच विचारा” असे प्रामाणिकपणे सांगितले, परंतु पारंपरिक औषधांचा जाणकार त्याच ठिकाणी असायला हवा होता. अहवाल डॉक्टरांकडे परस्पर पाठवला गेला नाही. तो दोन्हीकडे आम्हीच घेऊन फिरलो. पंधरा दिवसांनी येणारा चौकशीचा फोन आलाच नाही, आणि औषधे कमी होत असतानाच्या काळात ही उणीव मला गंभीर वाटते. पित्ताची गोळी एकदम थांबवली तर आम्ल उसळून पूर्वीपेक्षा जास्त जळजळ होऊ शकते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करायची होती. दुसऱ्या आठवड्यात बाबांना जळजळ झालीच, तेव्हा विचारायला कोणी नव्हते.

अहवाल पाहून वैद्यांनी चूर्ण लगेच थांबवले. तीन आठवड्यांत रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा 5 मिलिग्रॅमवर आणले, सूज ओसरल्यावर लघवीची गोळी बंद केली आणि पुढच्या तपासणीत पोटॅशियम 4.1 आले. पाचांहून अधिक औषधे चालू असलेल्या, विशेषतः दोन्ही पद्धतींची औषधे सोबत घेणाऱ्या प्रत्येकाने असा आढावा घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. मात्र आढाव्यानंतर मनाने एकही गोळी थांबवू नये, कारण हृदयाची आणि झोपेची काही औषधे अचानक सोडणे धोक्याचे असते. जाताना औषधांबरोबर जुन्या चिठ्ठ्याही न्याव्यात. बाबांच्या खोकल्याची तारीख आम्हाला एका जुन्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सापडली.