बाजूला सरकलेलं स्टिअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

चाकं सरळ, गाडी सरळ, स्टिअरिंगचे आरेही आडवे. तरी सीटवर टेकलं की काहीतरी तिरकं आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. टेप लावून पाहिलं. सीटच्या मध्यरेषेपासून स्टिअरिंगचा मध्य साधारण 3 सेंटिमीटर डावीकडे आहे, आणि कॉलमही (स्टिअरिंगला खालच्या यंत्रणेशी जोडणारा दांडा) आत जाताना डावीकडे झुकलेला, अंदाजे 3 अंशांनी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 38 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगला एवढा झुकाव म्हणजे रिमची, म्हणजे हातात धरायच्या कड्याची, डावी कड उजवीपेक्षा 2 सेंटिमीटर जवळ. उजवा हात कायम थोडा ताणलेला राहतो, हे त्यामुळेच.

मुळात हा बिघाड नाही. कॉलमला पुढे जाऊन रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीचा) पिनियन, म्हणजे ती पट्टी सरकवणारं छोटं दातेरी चाक, गाठायचा असतो, आणि बाहेरच्या बाजूला चाकाची कमान जागा अडवून बसलेली असते. म्हणून छोट्या जुन्या गाड्यांत सगळं आतल्या बाजूला सरकतं. 1959 च्या मिनी गाडीत आणि फोक्सवॅगन बीटलमध्येही पेडल याच कारणाने मधल्या बाजूला ढकललेले आहेत. माझ्या गाडीत स्टिअरिंगबरोबर पेडलही डावीकडेच आहेत, आणि खरं सांगायचं तर हे नशीबच. अख्खं शरीर एकाच दिशेला किंचित वळतं. स्टिअरिंग एकीकडे आणि पेडल दुसरीकडे असते, तर कंबरेला पीळ बसला असता.

गाडी अशीच बनली आहे की काही ढिलं झालंय, एवढं मात्र आधी तपासून घ्यावं. सरळ, सपाट रस्त्यावर आरे कलते दिसत असतील तर तो वेगळा विषय: चाकांची अलाइनमेंट करायला हवी, नाहीतर स्टिअरिंग काढून बसवताना स्प्लाइनवर (ते ज्यावर बसतं त्या खाचांवर) दात चुकलाय. इंजिन बंद करून स्टिअरिंग वर-खाली हलवलं आणि खडखड आली, तर कॉलमचा बुश (कॉलम ज्यात फिरतो ती नळी) गेलाय किंवा ब्रॅकेटचे बोल्ट सैल आहेत. माझ्या गाडीत बुश गेला होता. बदलल्यावर खडखड थांबली, तिरकेपणा अर्थातच तसाच राहिला.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बघत नाही. एका पूर्ण फेरीत स्टिअरिंग दोनदा जड आणि दोनदा हलकं होत असेल, तर कॉलम आणि रॅक यांच्या मधल्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटकडे (कोनातही फिरणारा सांधा) बघा. एकटा जॉइंट कोनात फिरताना वेग समान ठेवत नाही. दुसरा जॉइंट योग्य जुळणीत बसवला तरच ती चढउतार खोडली जाते. शाफ्ट उघडून चुकीच्या दातावर जोडला की हा त्रास सुरू होतो, आणि लोक उगाच रॅक बदलत बसतात.

एका मिस्त्रीने ब्रॅकेटची भोकं लांबट करून कॉलम उजवीकडे ओढून देतो म्हटलं. मी साफ नाही म्हटलं. समोरून धडक बसली तर कॉलम ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून तो दबेल, सुटेल असा बसवलेला असतो. अमेरिकेत 1968 पासूनच्या नियमात 48 किमी वेगाच्या धडकेत कॉलम मागे किती यावा याची मर्यादा 127 मिलिमीटर आहे. अशा ठिकाणी ड्रिल फिरवायचं धाडस कोणी करू नये. शिवाय जॉइंटचे कोन बिघडतील ते वेगळंच.

मग केलं काय? सीट एक खाच पुढे घेतली, पाठ थोडी उभी केली. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट रिमच्या माथ्यावर पोचलं पाहिजे, ही जुनी कसोटी इथे उजव्या, म्हणजे लांब पडणाऱ्या हाताने घ्यायची. उजवा हात घड्याळातल्या तीनऐवजी चारच्या जागी धरतो. लांबच्या प्रवासानंतर खांद्याच्या पात्याजवळ जी कळ यायची ती आता जवळपास गेलीय. पेट्रोलचा काटा मात्र अजून रिमआड आहे, मान कलवल्याशिवाय दिसत नाही. याला उपाय सापडला नाही.

एक विचित्र परिणाम: दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली की आता तीच वाकडी वाटते.

घरात बायकोची तक्रार माझ्यापेक्षा मोठी आहे आणि रास्तही. उंची कमी, त्यामुळे ती सीट बरीच पुढे घेते. तेच 3 सेंटिमीटर कमी अंतरावर जास्त कोन करतात. तेव्हा अशी गाडी घेताना घरात सगळ्यात पुढे सीट ओढणाऱ्या माणसाला तासभर चालवायला द्या. मला चालते, तिला चालत नाही. गाडी विकायची की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.