चिंचवडचं ऑटो क्लस्टर: छोट्या कारखानदाराच्या नजरेतून

पुण्यातल्या लोकांना ऑटो क्लस्टर म्हटलं की प्रदर्शनाचा हॉलच आठवतो, सोफासेट बघायला जायची जागा, पण खरं काम आतल्या लॅबमध्ये, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांसाठीच्या सामाईक टेस्टिंग लॅबमध्ये चालतं आणि ते बऱ्याच जणांना माहितीच नाही. केंद्र सरकारची २००३ ची औद्योगिक पायाभूत सुविधा सुधारणेची योजना, त्यातून हे उभं राहिलं. केंद्राचं अनुदान, जोडीला पिंपरी-चिंचवड महापालिका आणि इंडस्ट्रीवाले. म्हणजे आपल्या टॅक्सचा पैसा आहे बरं का यात.

माझं भोसरीत छोटं युनिट आहे. गेज कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर माप दाखवतात का ते तपासणं), मटेरियल टेस्टिंग, प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना बनवणं, ह्यासाठीच्या मशिनी आमच्यासारख्याने स्वतः घ्यायच्या म्हणजे घर गहाण टाकायचं, आणि मोठी कंपनी तर रिपोर्टशिवाय पार्ट हातात पण घेत नाही. इथे फी भरा, टेस्ट करून घ्या, विषय संपला. आधी एका प्रायव्हेट लॅबकडे जायचो, तिथे रिपोर्टसाठी नुसते फोन करत बसा.

महापालिकेने उद्योगासाठी पैसा घालायचा तर असाच घालावा असं माझं मत, एकेकाला सबसिडी वाटण्यापेक्षा सगळ्यांना वापरता येईल अशी मशीन बरी. फक्त हॉलच्या भाड्याच्या नादात लॅब मागे पडायला नको, आणि जमाखर्च साध्या मराठीत गेटवर लावला तर अजून भारी.

पाचपैकी चार स्टार. जाताना ड्रॉइंग आणि स्पेसिफिकेशन सोबत ठेवा.