बिलात नवीन पॅकिंग किट, इंजिनात जुनंच पॅकिंग

जुन्या यामाहा आरएक्स १०० चं इंजिन कुणाकडे खोलायला दिलं असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी हे वाचा. इतर गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे. पण आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये ही फसवणूक थेट पिस्टनच्या आणि चालवणाऱ्याच्या जिवावर येते.

आमची गाडी बाबांची आहे. बाबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण चोरी पकडली गेली ती त्यांच्या हातामुळेच. कॉम्प्रेशन गेलं होतं, म्हणून गाडी एका नावाजलेल्या गॅरेजवाल्याकडे दिली. ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग) बोअर करून, म्हणजे आतून किंचित रुंद करून, ओव्हरसाइज म्हणजे थोडा मोठा पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं आणि पूर्ण पॅकिंग किट (इंजिनाच्या सांध्यांत बसणाऱ्या पातळ चकत्यांचा संच) असं ठरलं. बिलात या सगळ्याच्या ओळी होत्या. किटचं रिकामं पाकीटही त्याने समोर ठेवलं. क्लच कव्हरच्या सांध्यातून नव्या पॅकिंगची स्वच्छ कड बाहेर दिसत होती.

गाडी सुरू झाली, आवाज गोड होता, पण अॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस पटकन उतरत नव्हती. इंजिन वरच्याच आवाजात घुटमळायचं, मग हळूहळू खाली यायचं. परत नेली तर मेस्त्री म्हणाला, "दादा, नवीन पिस्टन हाय, रनिंग होऊ दे." कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून त्याने रेस खाली आणून दिली. पुढे ब्लॉकच्या बुडाशी तेलकट ओल दिसायला लागली. त्यावर उत्तर मिळालं, "टू-स्ट्रोक हाय, तेवढं सुटतंच."

हे दोन्ही तुमच्या गाडीत दिसत असेल, तर असलं उत्तर ऐकून घेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पेटीत) ओढ तयार होते आणि त्या ओढीने कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, हवा आणि टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचं मिश्रण आत येतं. ब्लॉकखालचं पॅकिंग नीट बसलेलं नसेल, तर त्याच ओढीने त्या फटीतूनही हवा आत शिरते, आणि त्या हवेत ना पेट्रोल असतं ना ऑइल. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि नेमकं तेव्हाच त्याला ऑइल कमी पडतं. पिस्टन खाली आला की तोच दाब उलटा बाहेर निघतो आणि बुडाशी ओल धरते. न उतरणारी रेस, ब्लॉकखालची ओल आणि खोलल्यावर पांढरट दिसणारा प्लग, ही तिन्ही लक्षणं त्या एकाच फटीची. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून रेस उतरवता येते, फट काही बुजत नाही.

रत्नागिरीहून परत येताना, साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि मागचं चाक धरलं. क्लच दाबला म्हणून गाडी सरळ राहिली. मागून ट्रक चढत होता. त्याने वेळेत ब्रेक मारला. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली.

या वेळी इंजिन दुसऱ्या मेस्त्रीकडे, बाबांच्या समोर खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे, ब्लॉकची भिंत खरवडलेली. ब्लॉक उचलल्यावर खाली सिलिकॉनचा जाड थर निघाला. तो सोलला तर आत तपकिरी पडलेलं, एका बाजूला फाटलेलं पॅकिंग. बाबांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, "ह्ये माझ्या हातचं हाय."

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा ब्लॉक काढला होता, तेव्हा दुकानात किट मिळालं नव्हतं. बाबांनी पॅकिंग पेपर केसिंगवर ठेवून, हातोडीच्या कडेने ठोकून ते स्वतः कापलं होतं. एका स्टडचं (ब्लॉक आवळणाऱ्या बोल्टचं) भोक त्यांनी किंचित मोठं ठेवलं होतं, ते तसंच्या तसं दिसत होतं. म्हणजे किटच्या ओळीखाली पैसे घेतले आणि ब्लॉकखाली बाबांचंच जुनं पॅकिंग परत चिकटवलं. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सीलही जुनंच, ओठ कडक झालेलं. नवं टाकलं होतं फक्त बाहेरून दिसणारं, क्लच कव्हरचं. एक किट फोडायचं, दिसणारा तुकडा एका गाडीला, आतले तुकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाला, आणि पैसे मात्र दोघांकडून पूर्ण किटचे. अनोळखी गिऱ्हाइकाला हे कधीच कळलं नसतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, "पॅकिंग चांगलं हुतं, कशाला उगाच नवीन वाया घालवायचं?" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, म्हणून सांगतो. कागदी किंवा कॉम्पोझिट पॅकिंग एकदा आवळलं की दबून त्या दोन पृष्ठभागांच्या उंचसखलपणाचा साचा घेतं. खोलल्यावर ते परत फुगत नाही, आणि दुसऱ्यांदा बसवताना नेमकं त्याच जागी बसत नाही. वर सिलिकॉन थापलं की जाडी वाढते, ब्लॉक वर उचलला जातो आणि पोर्ट, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या वाटा, उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. आतल्या बाजूला पिळून निघालेला सिलिकॉनचा तुकडा सुटला तर कुठे जाईल सांगता येत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये असे तुकडे ऑइलची जाळी आणि ऑइलच्या वाटा बुजवतात.

जुनं कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. भरीव तांब्याचं हेड पॅकिंग लाल होईपर्यंत तापवून मऊ करता येतं आणि परत वापरतात. फोर-स्ट्रोकच्या टॅपेट कव्हरचा रबरी ओ-रिंग मऊ असेल, कुठे चिरलेला नसेल, तर तोही चालतो. रस्त्यात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरतं जुनं पॅकिंग लावलं तर त्यालाही दोष नाही. पण ते गिऱ्हाइकाला सांगून, आणि नव्याचे पैसे न घेता.

आमचं नुकसान किटच्या काही शे रुपयांचं नाही. ओरखडलेला ब्लॉक पुन्हा बोअर करावा लागला, म्हणजे ओव्हरसाइजची एक पायरी फुकट गेली. या पायऱ्या मोजक्याच असतात आणि आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलंय. मूळ ब्लॉक गेला की तसा परत मिळवणं फार अवघड.

तुम्ही गाडी देताना हे करा. किट स्वतः विकत घ्या, पाकिटावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी तपासा, आतले सगळे तुकडे मोजून फोटो काढा. काढलेली जुनी पॅकिंग, सीलं, रिंगा आणि पिस्टन परत हवेत असं आधीच सांगा आणि ते जॉब कार्डवर लिहून घ्या. ब्लॉक बसवताना समोर उभं राहू देत नसतील, तर गाडी तिथे देऊ नका. टू-स्ट्रोक असेल तर प्रेशर टेस्ट मागा: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण ६ पीएसआय हवा भरायची, काटा काही मिनिटं हलता कामा नये. हलला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. जुनं चिकटलेलं पॅकिंग कोरडं खरवडू देऊ नका. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते.

गॅरेजवाल्याने किटचे आणि सीलांचे पैसे परत केले, तेही पक्कं बिल आणि खोलतानाचे फोटो समोर ठेवल्यावर. बोअरिंग आणि पिस्टनचा खर्च द्यायला तो तयार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. त्यातून निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. बाबांचं ते फाटलं पॅकिंग पुरावा म्हणून पाकिटात घालून ठेवलंय. तुमच्या इंजिनातून असं काही निघालं, तर ते टाकून देऊ नका, बिलाला जोडून ठेवा.