दाढीची निगा राखणारा सहा वस्तूंचा संच: पाच महिन्यांच्या वापरानंतर

गेले पाच महिने मी दाढी राखली आहे आणि त्यातले साडेचार महिने एकाच कंपनीचा संच नेमाने वापरला आहे. खोक्यात सहा वस्तू येतात: ३० मिलिलिटर तेलाची बाटली, बामची चपटी डबी, दाढीसाठीचा शाम्पू, डुकराच्या राठ केसांचा ब्रश, लाकडी कंगवा आणि छोटी कात्री. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच सहा वस्तू थोड्याफार फरकाने अनेक कंपन्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांच्याच गिऱ्हाइकांच्या उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगतो: ज्या कारणासाठी हा संच विकला जातो त्या कारणासाठी तो घेऊ नये, मात्र दाढी वाढवताना पहिले दोन-तीन महिने जो त्रास होतो, त्यात तग धरण्यासाठी यातल्या दोन वस्तूंनी मला फार मोठी मदत केली.

खोक्याच्या झाकणावर ‘आठ आठवड्यांत दाट दाढी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि ते मला मनापासून खटकते. चेहऱ्यावर कुठे जाड केस येणार आणि कुठे बारीक लव राहणार हे आनुवंशिकतेवर आणि तिथली केसांची मुळे शरीरातल्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला किती प्रतिसाद देतात यावर ठरते. तेल त्वचेवर पसरते, केसाच्या बाहेरच्या थराला गुळगुळीत करते, पण नवे मूळ निर्माण करत नाही आणि केस वाढण्याचा वेगही बदलत नाही. दाढी साधारणपणे महिन्याला एक सेंटिमीटर किंवा त्याहून किंचित अधिक वाढते. माझीही तेवढीच वाढली. वारंवार वस्तरा फिरवल्याने केस दाट येतात हा समजही असाच चिवट आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून तो खोडून काढला होता. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून खुंट हाताला राठ लागतात, एवढेच त्यामागचे तथ्य आहे.

माझ्या डाव्या गालावर, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, नाण्याएवढी जागा विरळ आहे. आठ आठवड्यांनी ती तशीच होती आणि आजही तिथले केस तितकेच आहेत. तरीही तिसऱ्या महिन्यानंतर ती दिसेनाशी झाली, कारण वरच्या बाजूचे केस तीन सेंटिमीटरपर्यंत लांबून तिच्यावर पडू लागले आणि रोज कंगवा त्याच दिशेने फिरवल्यामुळे त्यांना तसे वळण लागले. जे काम तेलाच्या नावावर खपवले जाते ते प्रत्यक्षात थांबून राहण्याने आणि कंगव्याने केले. ज्यांची दाढी विरळ आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन की, पहिल्या महिन्यातल्या आरशावरून निर्णय घेऊ नका. मात्र भरलेल्या दाढीत अचानक गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती गोष्ट वेगळी असते. तेव्हा तेल चोळत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मिनॉक्सिडिल लावण्याचा सल्लाही हल्ली सर्रास दिला जातो. ते औषध मान्यता पावले आहे ते डोक्यावरच्या केसांसाठी, त्यामुळे चेहऱ्यावर ते डॉक्टरांना विचारूनच लावावे. आणि घरात मांजर असेल तर अधिकच सांभाळावे, कारण मांजरांसाठी ते विषारी असते.

आता तेलाविषयी. बाटलीवरच्या यादीत जोजोबा, आर्गन, एरंडेल, ई जीवनसत्त्व आणि शेवटी देवदार व संत्र्याच्या सालीचे सुगंधी अर्क आहेत. जोजोबाला आपण तेल म्हणत असलो तरी रासायनिकदृष्ट्या ते पातळ मेण आहे, आणि आपल्या त्वचेच्या तैलग्रंथींतून जो स्राव येतो त्यातही याच प्रकारची मेणे असल्यामुळे ते त्वचेवर तेलकट थरासारखे बसून राहत नाही. दाढी लांबत गेली तरी त्या ग्रंथी आपला स्राव वाढवत नाहीत. तेवढ्याच तेलाला अधिकाधिक लांब केस माखायचे असतात, म्हणून टोके रखरखीत होतात आणि खालची त्वचा कोरडी पडते. त्यातच वस्तऱ्याने कापलेली कडक टोके वाकून त्वचेला टोचत असतात. बाराव्या-तेराव्या दिवशी मला हनुवटीखाली इतकी खाज सुटली होती की मी दोनदा वस्तरा हातात घेऊन पुन्हा ठेवला. बहुतेक जणांची दाढी याच टप्प्यावर उतरते. त्याच सुमारास हा संच हाती आला आणि तेल नीट लावायला लागल्यापासून चार-पाच दिवसांत खाज पुष्कळच ओसरली, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण हे श्रेय मिळण्याआधी मी तेल चुकीच्या पद्धतीने लावत होतो. कोरड्या दाढीवर वरूनच आठ-दहा थेंब चोळायचो. त्याने केस चिकट व्हायचे, उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडायचे आणि त्वचा मात्र कोरडीच राहायची. योग्य पद्धत ही की, चेहरा धुऊन टॉवेलने टिपून घ्यावा, केस ओलसर असतानाच तीन-चार थेंब तळहातांवर चोळून कोमट करावेत, बोटांची पेरे केसांत खुपसून आधी त्वचेपर्यंत तेल पोहोचवावे आणि हाताला जे उरेल ते केसांवरून टोकांकडे ओढावे. एवढ्या लांबीच्या दाढीला चार थेंब पुरतात. या हिशेबाने ३० मिलिलिटरची बाटली मला चार महिन्यांहून अधिक पुरली.

बाटलीची काच गडद तपकिरी आहे, हे चांगले आहे, कारण उजेडाने तेल लवकर खराब होते. ड्रॉपरचे रबर मात्र तेलाने फुगून तिसऱ्या महिन्यात सैल पडले आणि नंतर थेंबाऐवजी धार पडू लागली. वासाबद्दल माझी तक्रार याहून गंभीर आहे. संत्र्याच्या सालीच्या अर्कात लिमोनिन असते आणि बाटली उघडी-बंद होत राहिली की हवेशी संयोग होऊन त्याचे जे घटक बनतात ते काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. म्हणून नवे तेल थेट चेहऱ्यावर न लावता कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. माहितीपत्रकात याविषयी एकही ओळ नाही.

त्याच माहितीपत्रकातल्या दुसऱ्या एका सूचनेने मला प्रत्यक्ष त्रास झाला. सहाव्या आठवड्यात हनुवटीच्या केसांत पिवळसर, किंचित तेलकट कोंडा दिसू लागला. गडद शर्टावर तो पडलेला दिसे. पत्रकात लिहिले होते की कोंडा झाल्यास तेलाचे प्रमाण दुप्पट करावे. मी तसे केले आणि आठवड्याभरात नाकाच्या कडेपासून मिशीपर्यंतची त्वचा लाल झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कारण कळले. कोरड्या त्वचेचे पांढरे, बारीक पापुद्रे आणि हा तेलकट कोंडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचा, हात असतो, ते प्रत्येकाच्याच त्वचेवर असते आणि तैल पदार्थांवर पोसते. म्हणजे मी तेल वाढवून त्याचेच भरणपोषण करत होतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेल बंद ठेवून आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोल या बुरशीरोधक औषधाचा शाम्पू दाढीला लावला, दरवेळी पाच मिनिटे ठेवून धुतला, आणि तीन आठवड्यांत त्वचा पूर्ववत झाली. त्वचेवर रोज लावायची वस्तू विकणाऱ्याने ही दोन वाक्ये पत्रकात छापायला हवी होती, असे मला आजही वाटते.

संचातल्या शाम्पूबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अंगाच्या साबणाने केस जसे ताठरतात तसे याने होत नाही, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वापरला तर पुरे होतो. बामही त्याच पठडीतला आहे: मधमाश्यांचे मेण आणि शिया बटर यांमुळे मिशांची टोके बसून राहतात, पण थंडीत तो इतका घट्ट होतो की नखाने खरवडून तळहातावर वितळवावा लागतो. दाढी चार सेंटिमीटरच्या आत असेपर्यंत मला त्याची गरज भासली नाही.

खरी कौतुकाची वस्तू आहे ती लाकडी कंगवा. मी तो प्रथम हातात घेतला तेव्हा दातांच्या फटींतून नख फिरवून पाहिले. कुठेही कंगोरा लागला नाही. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला दातांच्या मधोमध जोडाची बारीक धार राहते, आणि ती रोज केसाचा बाहेरचा थर खरवडत असते. भिंगातून पाहिले तर ती धार स्पष्ट दिसते. याचे दात घोटून गुळगुळीत केलेले आहेत, टोके बोथट आहेत, एका बाजूचे दात विरळ आणि दुसऱ्या बाजूचे दाट आहेत, आणि लाकूड असल्यामुळे कोरड्या हवेत केस विजेने उभे राहत नाहीत. वापरण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. चिंब ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून दाढी बरीचशी सुकल्यावरच विरळ दातांनी सुरुवात करावी, आधी टोकांचा गुंता सोडवावा आणि मग हळूहळू मुळाकडे सरकावे. कंगव्यात रोज दोन-चार केस आले तर घाबरू नये. प्रत्येक केस ठराविक काळ वाढून गळतो आणि त्या जागी दुसरा येतो. कंगवा पाण्यात भिजवू नये, कोरड्या ब्रशने झाडून फडक्याने पुसावा. साडेचार महिन्यांत याचा एकही दात हललेला नाही.

ब्रश पहिल्या महिन्यात, केस आखूड असताना, तेल सगळीकडे सारखे पसरवण्यासाठी उपयोगी पडला. नंतर दाढी लांबली आणि तो आतपर्यंत पोहोचेनासा झाला. पहिल्या आठवड्यात त्याचे बरेच केस गळाले. तो प्राण्याच्या केसांचा आहे हे खोक्याच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत लिहिले आहे. ज्यांना असा ब्रश नको असेल त्यांना हे विकत घेण्याआधी कळायला हवे.

कात्री मात्र मुळीच घेण्यासारखी नाही. तिची पाती टोकाशी नीट मिळत नाहीत, त्यामुळे केस कापला जाण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडून ओढला जातो आणि डोळ्यांत पाणी येते. ओला टिश्यू कागद टोकाने कापून पाहिला तर चांगल्या कात्रीचा काप सरळ येतो. हिच्याने तो फाटला. त्याहून मोठे नुकसान पत्रकातल्या चित्राने केले. त्यात गळ्याकडची रेषा थेट जबड्याच्या हाडावरून कोरलेली दाखवली आहे. मी तसेच कोरले आणि दाढी चेहऱ्यावर वरून चिकटवल्यासारखी दिसू लागली, शिवाय मान वळवली की खालची मोकळी त्वचा उठून दिसे. कंठमण्याच्या वर दोन बोटे ठेवून तिथे खूण करावी आणि तिथून दोन्ही कानांच्या मागच्या बाजूपर्यंत सौम्य कमान काढावी, ही रेषा जवळजवळ कोणत्याही चेहऱ्याला साजते, आणि माझ्या न्हाव्याने नंतर तीच काढून दिली. पण त्यासाठी चुकीच्या जागी कापलेले केस परत वाढेपर्यंत तीन आठवडे थांबावे लागले. मशीन वापरणाऱ्यांनी सर्वांत मोठ्या मापाची फणी लावून सुरुवात करावी आणि फणी घट्ट बसली आहे की नाही हे बोटाने दाबून पाहावे.

बाटली आता संपली आहे आणि मी पुन्हा हा संच घेणार नाही. याच कंपनीचा कंगवा सुटा मिळतो, तो एका मित्रासाठी मागवला आहे. त्याच्या दाढीला सध्या दुसरा आठवडा सुरू आहे. तेलासाठी मी बिनवासाचे, फक्त जोजोबाचे तेल आणले आहे. त्याच्या बाटलीला ड्रॉपरऐवजी बारीक भोकाचे बूच आहे, त्यातून एका वेळी एकच थेंब पडतो, आणि मिशीच्या बाजूची त्वचा पुन्हा लाल होत नाही ना हे पाहत मी सध्या दिवसाला तीनच थेंब लावतो आहे.