एक फोल्डर, दोन ऑपरेटिंग सिस्टिम : फाईल हाताळण्यासाठी गो की रस्ट?

विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालेल, फाईल वाचेल, हलवेल आणि जपून ठेवेल असे एखादे छोटे अवजार लिहायला घेतले, की आज बहुतेकांच्या समोर गो आणि रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषांची दोनच नावे उरतात. दोन्ही भाषा मुक्तस्रोत आहेत, दोन्हींतून सुटी बायनरी (थेट चालणारी प्रोग्रॅम-फाईल) मिळते आणि या कामासाठी लागणारा वेग दोन्हींकडे भरपूर आहे; त्यामुळे वेगाच्या आणि मेमरीच्या तक्त्यांत मी शिरत नाही. मी एकच अवजार आधी गोमध्ये लिहिले, सुमारे दीड वर्ष चालवले आणि नंतर रस्टमध्ये पुन्हा लिहिले. खालील मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत. शिस्तशीर मोजमापे मी घेतलेली नाहीत, आणि कोणाचा अनुभव वेगळा असेल तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

काम साधे होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतले माझे काही ग्राहक कास्टिंग आणि मशीनिंगची कामे करतात. त्यांची ड्रॉइंग आणि सीएनसीचे (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्रॅम विंडोजच्या संगणकांवर तयार होतात. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर यांपैकी काहींनी असा आग्रह धरला, की प्रत्येक फाईलची प्रत दुसऱ्या ठिकाणच्या लिनक्स सर्व्हरवर आपोआप गेली पाहिजे. फोल्डरवर लक्ष ठेवायचे, बदललेली फाईल वाचून तिचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी ओळखखूण) काढायचा आणि फरक असल्यास ती पाठवायची, एवढेच या अवजाराने करायचे होते.

गोमधील आवृत्ती तीन आठवड्यांत उभी राहिली आणि लिनक्सवरच्या चाचण्यांत तिने कोठेही कुरकुर केली नाही. ग्राहकाकडे बसवल्यानंतर मात्र चौथ्याच दिवशी ड्रॉइंग विभागातून फोन आला, "साहेब, ड्रॉइंग सेव्ह होईना झालंय बघा. फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडलीय म्हणतंय." प्रत्यक्ष जाऊन पाहिले तर सर्व काही सुरळीत! दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार आली. दोष सतत दिसत असता तर तो तासाभरात सापडला असता. हा मात्र मोठी फाईल आणि नेमकी वेळ जुळून आली तरच डोके वर काढत होता, आणि तोवर कारखान्यात आमच्या अवजाराची पत पार उतरली होती.

कारण समजल्यावर मला स्वतःचाच थोडा राग आला. लिनक्सवर फाईल आणि तिचे नाव या वेगळ्या गोष्टी आहेत: उघडी असलेली फाईल कोणी पुसली किंवा तिचे नाव बदलले, तरी ज्याने ती उघडली आहे त्याचे वाचन निर्वेध चालू राहते. विंडोजमध्ये फाईल उघडणारा प्रोग्रॅमच ठरवतो, की आपण ती धरून असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचे. वाचण्याची, लिहिण्याची, आणि पुसण्याची किंवा नाव बदलण्याची अशा तीन स्वतंत्र परवानग्या त्यासाठी असतात. मी वापरलेल्या गोच्या आवृत्तीत नेहमीच्या पद्धतीने फाईल उघडली, तर पहिल्या दोन परवानग्या दिल्या जात आणि तिसरी दिली जात नसे. ड्रॉइंगचा प्रोग्रॅम जतन करताना जुन्या फाईलचे नाव बदलून तिची बॅक-फाईल (जुनी राखीव प्रत) करतो आणि नव्याने लिहिलेल्या तात्पुरत्या फाईलला मूळ नाव देतो. नेमक्या त्या क्षणी आमचे अवजार हॅश काढत असेल, तर नाव बदलण्याची क्रिया 32 क्रमांकाची चूक दाखवून थांबते. म्हणजे ज्या अवजाराने फाईल सुरक्षित ठेवायची, तेच ती जतन होऊ देत नव्हते.

यावर गोमध्ये उपाय नाही असे नाही. विंडोजची मूळ प्रणाली-हाक (सिस्टिम कॉल) थेट वापरून, तिसरी परवानगी देऊन फाईल उघडता येते आणि मिळालेल्या हँडलपासून (उघड्या फाईलच्या संदर्भापासून) गोची नेहमीची फाईल बनवता येते. विंडोजपुरती वेगळी स्रोत-फाईल ठेवली की लिनक्सच्या बांधणीला धक्का लागत नाही. मी तसेच केले. तक्रारी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. कारण फाईल आकुंचित (कॉम्प्रेस) करण्यासाठी घेतलेली एक तयार लायब्ररी आतमध्ये स्वतःच फाईल उघडत होती, आणि ती अर्थातच जुन्या पद्धतीने. पुढे एका सहकाऱ्याने संपूर्ण फाईल एकदम वाचण्याचे सोयीचे फंक्शन कोठेतरी वापरले आणि पुन्हा फोन आला. या फंक्शनांना हात लावायचा नाही, हा नियम आम्ही भिंतीवर चिकटवला होता, पण तो कंपायलरला, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला, वाचता येत नव्हता. 2019 मध्ये गोच्या प्रकल्पात या वर्तनावर बरीच चर्चा झाली होती. मूळ वर्तन तेव्हा तसेच राहिले. जुन्या प्रोग्रॅमचे वर्तन अचानक बदलू नये, ही त्यामागची भूमिका मला समजते. तरीही ज्याच्या ग्राहकाचा फोन वाजतो आहे, त्याला त्या भूमिकेने फारसा दिलासा मिळत नाही.

रस्टचे प्रमाणित ग्रंथालय (भाषेसोबत येणारी लायब्ररी) विंडोजवर फाईल उघडताना तिन्ही परवानग्या देते. मुद्दाम आवळायच्या असतील तर वेगळा पर्याय लिहावा लागतो. त्याच कार्यपद्धतीचे अवजार रस्टमध्ये आल्यावर ड्रॉइंग विभागाचे फोन थांबले. येथे एक खुलासा आवश्यक आहे: तिसरी परवानगी दिली म्हणून विंडोजचे लिनक्स होत नाही. उघड्या फाईलच्या नावावर दुसरी फाईल थेट आणून बसवण्याचा प्रयत्न त्यानंतरही फसू शकतो, त्यामुळे थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय मी रस्टमध्येही ठेवली आहे.

आता गोच्या बाजूचे सांगतो, कारण तराजूचे दुसरे पारडे रिकामे नाही. लिनक्सवर बसून विंडोजची बायनरी बनवणे गोमध्ये, सी भाषेतल्या कोडचा संबंध नसेल तर, दोन पर्यावरण-चले लिहिण्याइतके सोपे आहे. रस्टमध्ये लक्ष्य-प्रणालीचा लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारे साधन) जुळवण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. फोल्डर आणि त्यातले उपफोल्डर एकेक करून पाहण्याची सोय गोच्या प्रमाणित ग्रंथालयातच आहे. रस्टमध्ये त्यासाठी बाहेरचे पॅकेज घ्यावे लागते. शिवाय दोन पाथ (फाईलचे पत्ते) जोडताना गो पहिल्या पाथला कधीच विसरत नाही. रस्टमध्ये मात्र दुसरा पाथ मुळापासून सुरू होणारा असेल तर पहिला निमूटपणे गळून पडतो, आणि बाहेरून आलेल्या नावांशी काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर प्रकरण अंगाशी येऊ शकते. दिलेला पाथ फोल्डरच्या आतलाच आहे का हे तपासणारे फंक्शन गोच्या 1.20 मध्ये आले, आणि ठरावीक फोल्डरबाहेर पडूच न देणारी व्यवस्था 1.24 मध्ये आली. या बाबतीत गो पुढे आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

रस्टचा त्रास मला झाला तो दोन ठिकाणी. पाथाचे प्रमाण रूप मागितले की विंडोजवर तो दोन उलटे स्लॅश, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटा स्लॅश अशा उपसर्गासह परत येतो. विंडोजला हे रूप मान्य आहे, पण एका ग्राहकाच्या जुन्या बॅच-फाईलला ते पचले नाही. दुसरा त्रास नावांचा. रस्ट फाईलच्या नावाला साधा मजकूर मानत नाही. मजकूर हवा असेल तर तो मिळणार नाही ही शक्यता तुम्हाला हाताळावीच लागते. पहिला आठवडा मी यावर चिडचिड करण्यात घालवला. नंतर आठवले, की गोच्या आवृत्तीत एका जुन्या झिपमधून निघालेल्या काही फाईल यादीत दिसत होत्या, पण यादीतले नाव देऊन उघडत नव्हत्या. त्यांच्या नावांतले बाइट यूटीएफ-8 च्या (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीच्या) नियमात बसत नव्हते. गोने ते तसेच वाहून नेले आणि यादी जेसॉन या मजकूर-स्वरूपात लिहिताना त्यांच्या जागी बदली चिन्ह घातले, तेही कोणाला न सांगता. रस्टमध्ये त्याच फाईलवर काम अडले आणि मला निर्णय घ्यावा लागला. तेव्हापासून ती चिडचिड मी मागे घेतली आहे.

काही गोष्टींत मात्र भाषा बदलून काहीच हाती लागत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल-व्यवस्थेवर एका नावात यूटीएफ-16 ची 255 एकके मावतात, तर लिनक्सच्या ईएक्सटी-4 वर 255 बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते, आणि मात्रा व हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा 'क्षेत्रफळ' हा शब्द 27 बाइटांचा होतो आणि 85 चिन्हांपलीकडचे मराठी नाव सर्व्हरवर बसतच नाही. पार्टीचे नाव, कामाचे वर्णन आणि तारीख हे सर्व फाईलच्या नावातच लिहिण्याची आपल्याकडची कार्यालयीन सवय पाहता ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही. त्याचप्रमाणे सर्व्हरवर कोणीतरी 'एयूएक्स' या तीन इंग्रजी अक्षरांचे फोल्डर केले होते. विंडोजने ते नाव स्वतःसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे परतीच्या प्रवासात ते अडले. ज्यांच्या नावांत केवळ लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक आहे, अशा दोन फाईलींचेही तेच. हे नियम दोन्हीकडे स्वतःच लिहावे लागतात.

तेव्हा निवड करणाऱ्याने आपले अवजार कोठे राहणार आहे हे आधी पाहावे, असे मला वाटते. ते मुख्यतः लिनक्सवर चालणार असेल, विंडोजवर कधीमधी वापरले जाणार असेल, किंवा संघात नवी मुले असतील आणि दोन महिन्यांत काहीतरी दाखवायचे असेल, तर गो घेतल्याचा पश्चात्ताप बहुधा होणार नाही. परंतु ते विंडोजवर दिवसभर पार्श्वभूमीला चालून, इतर लोक ज्या फाईलींवर काम करत आहेत त्यांनाच हात लावणार असेल, तर मी पुन्हा रस्टच घेईन. गोच घ्यायचे ठरले, तर आपण वापरत असलेली आवृत्ती आणि प्रत्येक बाहेरची लायब्ररी फाईल कशी उघडते, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

विंडोज 7 चा प्रश्न येथे अनेकांकडे अजून आहे. गोची 1.20 ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि रस्टनेही 1.78 पासून नेहमीच्या बांधणीसाठी विंडोज 10 ही किमान अट केली. माझ्या एका ग्राहकाकडे मशीनशेजारच्या तशाच जुन्या संगणकावर गोची पहिली बायनरी आजही चालू आहे. तेथे फक्त तयार प्रोग्रॅम येऊन पडतात, बसून ड्रॉइंग जतन करणारा कोणी नाही, म्हणून ती बदलण्याची घाई मी केलेली नाही.