पिन की पिवळा रंग: ॲरिझोनात ट्रेलर लावायला जागा शोधताना

दिवाळीच्या फराळाला आलेल्या मित्राने चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत विषय काढला. त्याने नुकताच गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा २८ फुटी ट्रेलर घेतलाय. थँक्सगिव्हिंगला पहिली मोठी खेप करायची आहे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीला खिडकी लागलेला आरव्ही पार्क त्याला नकोय. त्याला हवी आहे सरकारी मोकळी जमीन. "तू जागा शोधतोस कशी? ॲपवर लोकांनी खुणावलेल्या जागांच्या पिना बघून, की तो रंगीबेरंगी नकाशा घेऊन?" मी दोन्ही केलंय. सहा हिवाळे आमचा २४ फुटी ट्रेलर ॲरिझोनाच्या वाळवंटात नेतोय. हाच प्रश्न मला तिसऱ्यांदा आला, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

बीएलएम, म्हणजे ही सरकारी मोकळी जमीन सांभाळणारं केंद्रीय खातं, चालतं कसं, पाणी किती भरायचं, सोलर किती वॅटचं, ह्यात शिरत नाही. ज्याने ट्रेलर घेतलाय त्याला ते माहीत असतं, नाहीतर पहिल्याच खेपेत कळतं. चौदा दिवसांच्या नियमाचंही आम्हा नोकरीवाल्यांना कौतुक नाही. अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस एका जागी राहा, मग २५ मैल लांब सरका, असं बीएलएम सांगतं. आम्हाला सलग पाच दिवस रजा मिळाली तरी खूप.

आधी पिनांच्या बाजूने बोलतो, कारण पहिला हिवाळा आम्ही पूर्ण त्यांच्याच जिवावर काढला. नवख्या माणसाला पहिल्या रात्री एकच धीर हवा असतो: इथे आपल्याआधी कोणीतरी राहून गेलंय. तो पिन देते. फोटो असतात, मोबाइलला किती दांड्या येतात ते असतं, महामार्गाचा आवाज येतो का ते असतं. कुठल्या डंप स्टेशनचा (ट्रेलरचं सांडपाणी सोडायच्या जागेचा) नळ बंद पडलाय हे तर कुठल्याच सरकारी कागदावर सापडणार नाही. काल तिथून परतलेला कोणीतरी निवृत्त काका ते लिहून ठेवतो. ह्या काकालोकांचे माझ्यावर उपकार आहेत.

काही ठिकाणी तर पिनेचीही गरज पडत नाही. क्वार्टझाइटच्या बाहेर प्लोमोसा रोडला लागा, जानेवारीत दोन्ही बाजूंना ट्रेलरच ट्रेलर दिसतात. गावात रत्नांचे, दगडांचे बाजार भरतात आणि आजूबाजूचं सगळं वाळवंट पांढऱ्या छपरांनी भरून जातं. (ह्याच गावात हाय जॉली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. मूळ नाव हाजी अली. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने इथे उंट चालवून बघितले, त्यांच्याबरोबर तो आला होता. समाधीच्या दगडी पिरॅमिडवर उंटच बसवलाय. मुंबईच्या माणसाने हाजी अलीचं नाव ॲरिझोनात वाचलं की दोन मिनिटं थांबतोच.)

आता नकाशा. मी म्हणतोय तो जमिनीच्या मालकीचा नकाशा. बीएलएमचा छापील मिळतो, फोनमध्ये उतरवून घेता येतो, आणि हाच रंगाचा थर बऱ्याच नकाशा-ॲपमध्येही चढवता येतो. पिवळा बीएलएमचा, हिरवा राष्ट्रीय वनांचा, निळा राज्याचा, पांढरा खासगी, नारिंगी आदिवासी राष्ट्रांचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आजीची गोधडी आठवली. फिनिक्सपासून पश्चिमेला बघत गेलं की पिवळं वाढत जातं, पण मध्येमध्ये निळे चौकोन टाके घातल्यासारखे येतात.

ते निळे चौकोन समजून घेतलेले बरे. इथल्या मोजणीत सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप धरतात, त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. त्यातले २, १६, ३२ आणि ३६ क्रमांकाचे चार तुकडे शाळांच्या खर्चासाठी राज्याकडे आले. म्हणून ती जमीन मोकळी दिसली तरी 'सार्वजनिक' नाही. ती विश्वस्त जमीन आहे, तिच्यातून पैसा काढायचा आहे. तिथे राहायला परवाना लागतो. मी काढला तेव्हा एकट्याला वर्षाचे १५ डॉलर आणि कुटुंबाला २० होते, आणि वर्षाकाठी मुक्काम १४ दिवसच. रक्कम किरकोळ आहे. गोची अशी की जमिनीवर रंग रंगवलेला नसतो. पहिल्या हिवाळ्यात इथल्याच, ॲरिझोनातल्या फ्लोरेन्सच्या बाजूला एका लाडक्या पिनेवर आम्ही दोन रात्री मजेत काढल्या. घरी येऊन नकाशा उघडला तर पिनेखाली निळा. परवाना नव्हता. कोणी हटकलं नाही, पण गावी सातबारा बघितल्याशिवाय बांधावर पाय न ठेवणाऱ्या घरातला मी, सहा हजार पौंडांचं धूड घेऊन कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर दुसऱ्याच्या जमिनीत झोपलो होतो.

तरी त्या गोष्टीने मी पिना सोडल्या नाहीत. सोडायला लावलं ते फिनिक्सच्या पश्चिमेला, टोनोपा गावाजवळच्या एका शुक्रवारने.

नोव्हेंबरचा मध्य. ॲरिझोनात घड्याळ मागेपुढे होत नाही, साडेपाचला अंधार पडतो. ऑफिसातून लवकर निघूनही आय-१० महामार्गावरच्या गर्दीत तास गेला. सॅडल माउंटनचं खोगीर समोर काळं दिसायला लागलं तेव्हा आकाश केशरी होतं. पिन दीड मैल आत होती. पिनेखाली पाच शेरे, पाचही गोड: सपाट जागा, सुंदर सूर्यास्त, 'कुठलीही गाडी जाते'. डांबर सोडून खडीवर उतरलो. डावीकडे एक मोठी सपाट जागा गेली, कोणी नाही. बायको म्हणाली, इथेच लावू या का? म्हटलं, पिन पुढे आहे. आणखी एक जागा गेली, दगडांची चूल आयती मांडलेली. पिन पुढे आहे. अशा चार जागा मी मागे टाकल्या.

मग ओढा आला. इथे वॉश म्हणतात. वर्षभर कोरडा, आणि मान्सूनच्या दोन-तीन सरींत वाट्टेल ते करणारा. उन्हाळ्यातल्या पाण्याने रस्त्याची अलीकडची कड कापून नेली होती, फूटभर पायरी झाली होती आणि खाली पिठासारखी मऊ वाळू. ट्रक उतरला असता. ट्रेलरचं शेपूट नक्की आपटलं असतं. वळायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना पालो वर्देची काटेरी झाडं आणि चोला निवडुंग. चोला ज्याला एकदा चिकटलाय त्याला त्याच्याबद्दल जास्त सांगायला नको.

मग अर्धा मैल रिव्हर्स. अंधारात, ट्रेलर जोडलेला. बायको मागे टॉर्च घेऊन चालतेय, "डावीकडे, डावीकडे, अरे तुझ्या नाही, माझ्या डावीकडे" असं ओरडतेय, मुलगी मागच्या सीटवर विचारतेय की आपण घरी चाललोय का. दोनदा ट्रेलर दुमडला, दोनदा पुढे घेऊन सरळ केला. पालो वर्देच्या एका फांदीने ऑनिंगवर (ट्रेलरच्या बाजूच्या कापडी छतावर) हातभर ओरखडा काढला, तो अजून आहे. पाऊण तासाने आम्ही ज्या जागी ट्रेलर लावला ती, तुम्ही ओळखलं असेलच, बायकोने दाखवलेली पहिली जागा होती.

सकाळी चहा घेताना ते पाच शेरे पुन्हा वाचले. तीन व्हॅनवाल्यांचे, एक जीपच्या टपावर तंबू लावणाऱ्याचा, आणि ट्रेलरवाल्याचा जो एक होता तो एप्रिलमधला, म्हणजे पावसाळ्याच्या आधीचा. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, रस्ता कापला गेलाय हे नकाशाने तरी कुठे सांगितलं असतं? बरोबर आहे. नकाशा रस्त्याबद्दल मुका आहे, आणि उलट तेच मला सोयीचं पडलं. पिन बघितली की मी गाडी चालवतो एका ठिपक्याकडे, आणि वाटेतलं चांगलंही मागे टाकतो. पिवळा रंग बघितला की मला एवढंच कळतं की ह्या वळणापासून पुढच्या कालव्यापर्यंत कुठेही थांबायला हरकत नाही, पुढचं मलाच बघायचंय. म्हणून मी बघतो. ट्रेलर खडीच्या रस्त्याच्या तोंडाशी रुंद जागा बघून सोडतो, बायको आत चहा टाकते, आणि मी नुसता ट्रक घेऊन दोन-तीन मैल आत जाऊन येतो. वीस मिनिटं लागतात. पहिली बरी जागा दिसली की परत येऊन ट्रेलर जोडायचा.

घरी करायचा अभ्यास तेवढा वाढतो, हे कबूल. मालकीचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी शेजारी उघडून बसावं लागतं. ओढे चित्रात लगेच ओळखू येतात: बाकी सगळं मातकट, आणि त्यातून झाडांची गर्द हिरवी रेघ नागमोडी जाते. ती रेघ रस्त्याला जिथे छेदते त्याच्या अलीकडेच थांबायचं असं मी ठरवून टाकलंय. जिथे आधी गाड्या लागल्यात तिथली जमीन फिकट दिसते. दोन फिकट पट्टे गोल फिरून पुन्हा रस्त्याला मिळत असतील तर वळायला जागा आहे. नव्या झुडपांवर ट्रेलर घालायचा नाही, आधी वापरलेल्या जागेवरच लावायचा, हे त्यात आपोआप साधतं. पिवळं सगळंच खुलं असतं असंही नाही. राखीव वन्य क्षेत्रात गाडी नेता येत नाही, कुठे तात्पुरती बंदी असते. म्हणून त्या भागाच्या बीएलएम कार्यालयाला गुरुवारी एक फोन करतो. आतापर्यंत फोन उचलणाऱ्यांनी रस्त्याची खबर आपणहून दिलीय.

हे सगळं हिवाळ्यातलं आणि सखल वाळवंटातलं. उन्हाळ्यात फिनिक्स भाजायला लागलं की आम्ही फ्लॅगस्टाफकडे, सात हजार फुटांवर पळतो. तिथे हिरवा रंग. वनखात्याचा मोटारवाहनांचा नकाशा फुकट मिळतो, काळा-पांढरा, दिसायला अगदी रुक्ष. पण ज्या रस्त्यांच्या कडेला बारीक ठिपके असतात तिथे बाजूला घेऊन मुक्काम करता येतो, आणि एवढं कळलं की काम झालं. आगीच्या दिवसांत मात्र कुठलाच नकाशा पुरत नाही. जून २०२१ मध्ये कोकोनिनोचं अख्खं राष्ट्रीय वन लोकांना बंद केलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बंदीच्या सूचना बघायच्याच.

आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा मी पिना आणि नकाशा दोन्ही गुंडाळून ठेवले आणि सरळ क्वार्टझाइटच्या दक्षिणेला ला पोसाला गेलो. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल ह्या हंगामाचा पास मिळतो. २०२२ च्या सुमारास पूर्ण हंगामाचे १८० डॉलर आणि १४ दिवसांचे ४० होते. पाणी, कचरा, डंप स्टेशन जवळ. बाबांना रोज सकाळी फिरायला सपाट वाट आणि गप्पा मारायला मिनेसोटाचे आजोबा मिळाले. शोधण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ह्या तुलनेत ते बसत नाही.

तर मित्राला मी काय सांगितलं? छोटी व्हॅन असेल, एकटा असशील, रात्री उशिरा पोचणार असशील, तर पिना छान आहेत, आणि मीही त्या अजून वाचतो: डंपच्या नळासाठी, सिग्नलसाठी. २८ फूट मागे ओढणार असशील, घरच्यांना घेऊन जाणार असशील, तर मला वाटतं आधी रंग बघ, मग पिन. माझा अनुभव एका ट्रेलरचा आणि एका ओरखड्याचा आहे, तुझा वेगळा असू शकतो. पण पहिल्या खेपेला निदान चार वाजता डांबर सोड आणि ट्रेलर रस्त्याच्या तोंडाशी ठेवून पुढे बघून ये.

त्याने सगळं मान डोलावत ऐकलं. दारात बूट घालताना म्हणाला, "पटलं. पण तुम्ही हल्ली जाता त्या जागेची पिन पाठव ना."

बायको हसायला लागली. मी त्याला रस्त्याचं नाव पाठवलं.